मंगळवारची मीटिंग मोडिली त्याची हकीकत

समस्त नोकरदार, होतकरू उमेदवार आणि त्यांचे काळजीवाहू मायबाप यांचे हुजुरांत लेखकाची अर्जी ऐसी जे, पूर्वी थोर थोर मोहिमा जाहल्या, किल्ले पडले, तख्ते हालली, आणि त्यांची वर्णने करणारेही उदंड जाहले. परंतु भर उन्हाळ्यात, एसीच्या गारठ्यात, अंगावर शाल लपेटून जी मोहीम चिरंजीव बबडीबाईसाहेब यांणी एका बलाढ्य बँकेत फत्ते केली, तीस लिहिणारा मिळेना. सबब हे काम आम्ही शिरावर घेतले. यांत पदरचे काही घातले नाही, कारण बँकेने सर्व पुरविले.

मामला ऐसा की, बबडीबाईंच्या कॉलेजाचे फर्मान सुटले की सुटीत प्रत्येकाने एखादे कचेरीत इंटर्नशिप करावी, एक तरी काम तडीस न्यावे आणि तेथील साहेबाच्या सहीचे सर्टिफिकेट आणावे. न आणील त्याचे वर्ष बुडेल. मग घरात मसलत बसली. मामासाहेब, ज्यांची ओळख सर्वत्र असते आणि उपयोग क्वचित होतो, त्यांणी छाती ठोकून सांगितले की बँकेतले मोठे साहेब आपले खास दोस्त, आणि नवल हे की ते खरे निघाले. मग बबडीबाई नव्या चपला घालोन, आईसाहेबांनी दिलेला डबा घेऊन, बँकेच्या काचेच्या दरवाजावर चालून गेल्या, आणि तो आपोआप उघडेल या भरवशावर राहिल्यामुळे कपाळावर पहिला घाव तेथेच झेलिला. त्या मुलखात कार्डाविना दरवाजा कोणास ओळखत नसे.

आत मोठा सरंजाम. जो तो आपले संगणकापुढे मोर्चा धरून बसलेला, आणि कोण कोणाशी लढतो हे कोणासच ठाऊक नाही. बबडीबाईंस खुर्ची मिळाली, टेबल मिळाले, गळ्यात कार्डही पडले, परंतु काम मिळेना. काम नेमून देणार मोठे साहेब, आणि साहेब तो सदासर्वदा मीटिंगीत. एकीतून निघत आणि दुसरीत शिरत, आणि मधल्या वाटेत "बोलू आपण" इतके बोलून बबडीबाईंस कृतार्थ करीत. ऐसे आठवडे लोटले.

घरी आईसाहेब रोज हजेरी घेत.

"काय गं, आज काय केलंस बँकेत?"

"ऑब्झर्व केलं."

"ते तर तू घरीही करतेस. मी भांडी घासते तेव्हा."

यावर बबडीबाई न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या. सुटी सरत आली, काम नाही, आणि काम नाही तर सही नाही, आणि मैत्रिणी पुढल्या वर्गात बसल्या असता आपण मागे राहणार, ही धास्ती उरात बसली. येथे थट्टा करू नये. पोर खरीच हवालदिल जाहली होती.

शेजारचे टेबलावर एक ताई होत्या, बँकेत मुरलेल्या. त्यांस दया आली आणि त्या म्हणाल्या, "मंगळवारच्या मीटिंगला चल माझ्याबरोबर. काय ठरलं ते लिहून काढ. तेवढंच काम." मग बबडीबाई वही घेऊन गेल्या. पाहतात तो लांबलचक मेज, सर्व खात्यांचे सरदार बसलेले, बिस्किटांची बशी फिरते आहे, आणि एकेक सरदार पडद्यावरील मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवितो, आणि बाकीचे मोबाइलात डोके घालून माना डोलावितात. जो विषय निघे तो पुढल्या मंगळवारावर जाई. गेल्या मंगळवारचे विषय याच वाटेने येथवर आले होते.

लिहिताना माथ्यावर मीटिंग बोलाविणाराचे नाव घालावे लागते. बबडीबाईंनी पुसले, मीटिंग कोणाची? साहेब समजत होते की हेड ऑफिसची. हेड ऑफिसवाले समजत होते की साहेबांची. कर्जखाते म्हणे वसुलीवाल्यांची, आणि वसुलीवाले म्हणत की आम्ही तर बिस्किटांपुरते येतो. त्या दरबारचा रिवाजच ऐसा की, जो मीटिंग बोलावील त्यानेच ती बंद करावी, दुसऱ्याने हात लावू नये; आणि कोणाची म्हणून पुसणे म्हणजे आपणांस काही ठाऊक नाही हे कबूल करणे, सबब कोणी कधी पुसले नव्हते. बबडीबाईंपाशी जावी ऐसी इभ्रतच नव्हती, म्हणोन त्यांस सोपे गेले.

मग त्या कॉम्प्युटर खात्यात गेल्या. तेथील इसमाने पडद्यावर पाहिले आणि तो हसू लागला.

"ही होय? ही जुन्या साहेबांची. ते केव्हाच दुसऱ्या बँकेत गेले."

"मग मीटिंग कशी चालू आहे?"

"माणूस गेला, मीटिंग राहिली. दर मंगळवारी आपोआप येते. बंद करा असं कुणी म्हटलंच नाही. मीटिंगमध्ये ठरवून लिहून आणा, लगेच उडवतो."

बबडीबाईंनी मनसुबा केला की हेच आपले काम, हेच तडीस न्यावे. परंतु सही मोठ्या साहेबांचे हाती, आणि इतकी वर्षे त्या मेजाच्या टोकाशी बसत होते तेही मोठे साहेबच. त्यांस चारचौघांत तोंडघशी पाडावे तर वर्ष बुडे, गप्प राहावे तरी बुडे. मग पुढले मंगळवारी त्या उठल्या आणि बोलिल्या, "सर, ही मीटिंग बोलावणारे साहेब बँक सोडून गेलेत."

दालनात बिस्किट चावणाराने चावणे थांबविले. साहेबांचा चेहरा तांबडा जाहला, मग पांढरा जाहला, आणि मग मूळ रंगावर येऊन त्यांणी फर्माविले की, हे आम्हांस पूर्वीच विदित होते, केवळ नव्या पिढीची परीक्षा पाहात होतो. सर्वांनी धन्य धन्य केले. एका सरदाराने सूचना मांडिली की मीटिंग बंद करावी किंवा कसे यावर कमिटी नेमावी, आणि ती मंगळवारी बसावी. तेव्हा ताईंनी कपाळाला हात लावोन म्हटले, "अहो, बंद करा ना एकदाची!" आणि सर्वांनी हात वर केले. कॉम्प्युटरवाल्याने बोलल्याप्रमाणे मीटिंग उडविली. मोहीम फत्ते जाहली.

मग बबडीबाई सर्टिफिकेटाचा कागद घेऊन साहेबांपुढे रुजू जाहल्या. त्यांत लिहिले होते की, या विद्यार्थिनीने साहेबांच्या मार्गदर्शनाखाली एक निरुपयोगी मीटिंग कायमची बंद केली. साहेबांनी मार्गदर्शनाचे वाक्य दोन वेळा वाचले, खुश जाहले, पेन उघडले आणि थबकले.

"सही मी करीन गं. पण असले कागद मंजूर होतात मंगळवारच्या मीटिंगमध्ये."

"सर, ती तर बंद केली."

"हो ना. पंचाईतच झाली."

इंटर्नशिपचा तो अखेरचा आठवडा. बबडीबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. परंतु लढवय्या तो लढवय्या. त्या तडक खुर्चीवर बसल्या आणि आपले नावाने सर्व सरदारांस मंगळवारचे आवतण धाडू लागल्या. इतक्यात मामासाहेबांचा फोन आला की सही जाहली काय. खांद्यावर फोन, हातात माउस, आणि यंत्राने पुसले की एकवार की दर आठवड्यास, आणि घाईत बोट पडू नये तेथेच पडले.

मंगळवारी सर्व सरदार न पुसता हजर जाहले. कागद मंजूर जाहला, साहेबांनी सही केली, शिक्का बसला, आणि इंटर्नशिप सरली म्हणोन दुपारीच बबडीबाईंचे कार्ड आणि संगणकावरील खाते बंद जाहले. सायंकाळी आईसाहेबांनी सर्टिफिकेट दोनदा वाचले, डोळे पुसले आणि पुसले, "म्हणजे तुझ्यामुळे ती मीटिंग कायमची बंद झाली?"

बबडीबाई म्हणाल्या, "हो, लिहिलंय ना तिथे."

येणेप्रमाणे बबडीबाईंचे वर्ष वाचले आणि बँकेचा बहुमोल वेळ वाचला, ऐसे सहीशिक्क्यानिशी दफ्तरी दाखल आहे. पुढले मंगळवारी सर्व सरदार जमले, बिस्किटे फिरली, आणि ही मीटिंग कोणाची हे कोणी पुसले नाही.