राजकन्येचं माहेर

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर नरेंद्रने टाय सैल केला, चहाची कपबशी हातात घेतली आणि व्हीसीआरमध्ये कुठली कॅसेट अडकून राहिली आहे ते बघावं म्हणून बटण दाबलं. पडद्यावर तो स्वतःच आला. डोक्यावर ओव्हनमध्ये वापरतात त्या चंदेरी कागदाचा मुकुट, खांद्यावर बायकोचा जरीचा शेला. एक हात उंचावून तो म्हणत होता, "प्रधानजी, राजकन्येच्या पाठवणीची तयारी करा." मंडळाच्या गणपतीतलं हे नाटक. नरेंद्र थोडा वेळ स्वतःकडे कौतुकाने बघत राहिला. मग त्याने कॅसेट बाहेर काढली, तिच्यावरचं कोरियन अक्षरांतलं लेबल बघितलं आणि निम्मा चहा बशीत सांडला.

कॅसेट शेजारच्या किम आजींची होती, आणि खरं म्हणजे त्यांचीही नव्हती. शिकागोच्या लॉरेन्स अव्हेन्यूवरच्या कोरियन किराणा दुकानात तांदळाच्या पोत्यांमागे अशा कॅसेटी भाड्याने मिळत. कोरियात टीव्हीवर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिका तिकडे कुणीतरी टेप करायचं, त्या विमानाने अमेरिकेत यायच्या आणि इथल्या घराघरातून फिरायच्या. किम आजी दर पंधरा दिवसांनी शनिवारी मुलाबरोबर जाऊन नवे भाग आणत. पण त्यांची सून रात्रपाळीची नर्स, ती दिवसा झोपणार, म्हणून घरात दिवसा टीव्ही लावायची सोय नव्हती. एका दुपारी त्या कॅसेट पोटाशी धरून नरेंद्रच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नरेंद्रच्या आईने त्यांना आत घेतलं.

आईचंही तसं अवघडच चाललं होतं. वडील गेल्यावर नरेंद्रने तिला नाशिकहून शिकागोजवळच्या शॉमबर्गला आणलं होतं. तो आणि त्याची बायको कांचन सकाळी आपापल्या गाड्या घेऊन कामावर गेले की ती खिडकीशी बसून समोरच्या हिरवळी बघायची. "घरं एवढी आहेत, पण यातली माणसं कुठे ठेवतात रे?" असं तिने एकदा विचारलं होतं. आणि रोज जेवताना एकच प्रश्न, "माझं परतीचं तिकीट काढलंस का?" किम आजी येऊ लागल्या आणि तो प्रश्न बंद झाला. नरेंद्रला आई इथेच राहायला हवी होती. तिच्याशिवाय घर परत पहिल्यासारखं मुकं होईल या कल्पनेने त्याला धसका बसायचा, पण हे तिला तोंडावर सांगायचं त्याला कधी जमलं नव्हतं.

दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि इंग्रजी दोघींनाही सारखंच येत नव्हतं. तरी रोज दुपारी दोघी सोफ्यावर मांडी घालून बसत आणि रात्री जेवताना आई सगळी गोष्ट सांगे.

"ही राजकन्या लाल शिडाच्या बोटीतून आली," मागच्याच आठवड्यात ती सांगत होती. "राजाने माणसं पाठवली तिला आणायला. ही म्हणाली, अनोळखी माणसांबरोबर मी यायची नाही. राजाला स्वतः यावं लागलं, बरं का. आणि उतरल्या उतरल्या हिने काय केलं, तर आपली रेशमी सलवार काढून डोंगरदेवाला वाहिली."

"सलवार?" कांचनने विचारलं.

"वाहिली. आपण ओटी भरतो, तसं त्यांचं असेल. मुलगी आपल्याकडची आहे ना."

"आई, ती मालिका कोरियन आहे," नरेंद्र म्हणाला.

"मला सांगू नकोस. किमबाई आधी तिच्याकडे बोट दाखवतात, मग माझ्याकडे."

आणि आता त्याच मालिकेच्या कॅसेटवर नरेंद्र मुकुट घालून उभा होता. त्याने कॅसेट परत आत घालून थोडी मागे फिरवली, तर तिथेही तोच. आणखी मागे फिरवली, तर प्रधानजी. तेवढ्यात आईची चाहूल लागली म्हणून त्याने घाईघाईने कॅसेट काढली आणि कोटाच्या आत दडवली.

हे कसं झालं ते त्याच्या लगेच लक्षात आलं. रविवारभर त्याने मंडळातल्या गिरीशचा व्हीसीआर आपल्या व्हीसीआरला जोडून नाटकाच्या कॉप्या काढल्या होत्या. नवी कोरी कॅसेट विकत आणणं त्याच्या जिवावर यायचं. जुन्या कॅसेटच्या कडेची खिट्टी मोडलेली असली की तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. नरेंद्र त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा आणि काम भागवायचा. या कॅसेटच्या भोकावरही सेलोटेप होता. म्हणजे गवत कापायच्या आणि कॅसेट बदलायच्या धांदलीत आपल्याच हाताने राजकन्या पुसली गेली, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही.

"जाऊन सरळ सांग ना," कांचन म्हणाली. "सॉरी म्हण. माणसंच आहेत ती."

"अगं, ती म्हातारी दुखावली आणि यायची बंद झाली तर? आई दुसऱ्या दिवशी बॅग भरेल. मी शनिवारच्या आत दुसरी कॅसेट पैदा करतो, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"तोपर्यंत त्या काय बघणार?"

याचा विचार नरेंद्रने केला नव्हता. बुधवारी सकाळी आईने कॅसेट कुठे गेली म्हणून विचारलं, तेव्हा तोंडाला येईल ते तो बोलून गेला. "मशीन बिघडलंय. कॅसेट खाईल ते. मी बाजूला ठेवलीय."

कॅसेट गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या फावड्यामागे होती. थाप मात्र अशी एका जागी राहिली नाही. बुधवारी दुपारी किम आजी आल्या, आईने हातवाऱ्यांनी मशीन मेल्याचं सांगितलं, आणि गुरुवारी संध्याकाळी आजींचा मुलगा योंग हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर झाला. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, हे नरेंद्र साफ विसरला होता.

"आई म्हणाली तुमचा व्हीसीआर बंद पडलाय," योंग म्हणाला. "पाच मिनिटांचं काम असतं."

"अहो, कशाला तसदी?"

"शेजारी आहोत. दाखवा तर."

नरेंद्रने त्याला स्वयंपाकघरात चहाला बसवलं, कांचनला डोळ्यांनी खूण केली, आणि दिवाणखान्यात जाऊन चांगल्या चालत्या मशीनचं झाकण उघडून आतला एक रबरी पट्टा ओढून काढला. पट्टा तुटला. त्याच्याबरोबर आणखी एक स्प्रिंग उडाली आणि कोचाखाली गेली. इतक्या तत्परतेने नरेंद्रने या घरात कधी काही मोडलं नव्हतं. योंगने आत बघितलं आणि मान हलवली.

"हे आतून कुणीतरी ओढल्यासारखं दिसतंय. पार्ट मागवावा लागेल. पुढच्या आठवड्यापर्यंत चालेल ना?"

म्हणजे आता मशीन खरंच बंद पडलं. त्या रात्री जेवताना आई बराच वेळ ताटात बोटं फिरवत होती. "किमबाई आज आल्या आणि लवकर गेल्या," ती म्हणाली. "टीव्ही बंद असला की कसं बसायचं हे दोघींनाही कळेना. माझं तिकीट बघतोस का रे? थंडी पडायच्या आत जावं म्हणते."  सोमवारी एजंटला फोन करतो, असं नरेंद्र कसाबसा म्हणाला.

शुक्रवारी त्याने दुपारनंतर रजा टाकली आणि लॉरेन्स अव्हेन्यू गाठला. दुकानात पोत्यांमागे जमिनीपासून छतापर्यंत कॅसेटी होत्या आणि सगळ्यांवरची अक्षरं त्याला सारखीच दिसत होती. गल्ल्यावर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या.

"मला एक मालिका हवीय," नरेंद्र इंग्रजीत म्हणाला. "राजकन्या आहे. बोटीतून येते."

"बोटीतून खूप जणी येतात," बाई म्हणाल्या.

"लाल शीड. राजा स्वतः न्यायला जातो."

बाईंनी खांदे उडवले. शेवटी नरेंद्रने, चार गिऱ्हाइकांच्या देखत, आधी वल्ही मारली, मग मानेने राजाला नकार दिला, मग पायातून सलवार काढल्याचा अभिनय करून ती वाळलेल्या माशांच्या फळीला अर्पण केली. कोबी निवडत असलेली एक बाई मुलाला घेऊन दूर सरकली. गल्ल्यावरच्या बाईंचा चेहरा मात्र एकदम उजळला.

"गयाची राणी," त्या म्हणाल्या. "असं बोला ना. तुम्ही इंडियन?"

"हो."

"मग तुम्ही आमचे पाहुणे. पाहुणे कसले, व्याही." आणि हातातलं काम ठेवून त्यांनी सगळी कथा सांगितली. कोरियाच्या दक्षिणेला दोन हजार वर्षांपूर्वी गया नावाचं राज्य होतं. जुन्या बखरीत लिहून ठेवलंय की तिथल्या पहिल्या राजाची राणी समुद्रापलीकडच्या आयुता देशाची राजकन्या होती. आयुता म्हणजे अयोध्या, असं पुष्कळ लोक मानतात. आईबापांना स्वप्नात दृष्टान्त झाला, म्हणून त्यांनी सोळा वर्षांची मुलगी बोटीत बसवून पाठवली. खरं किती आणि दंतकथा किती, हे पंडितांनाच विचारावं. "पण आमच्याकडचे लाखो किम स्वतःला तिचे वंशज म्हणवतात," त्या म्हणाल्या.

आई बरोबर सांगत होती, हे कळून नरेंद्रला दोन हजार वर्षांचं ओझं अंगावर आल्यासारखं झालं. आपण नुसती भाड्याची कॅसेट पुसलेली नाही, शेजाऱ्यांची पणजी पुसली आहे.

"मग त्या भागाची कॅसेट मिळेल?"

"एकच आहे, ती बाहेर गेलीय. शॉमबर्गच्या मिसेस किमकडे. तुम्हाला एवढी घाई असेल तर मी त्यांना फोन करते."

"नको, फोन नको," नरेंद्र म्हणाला. बाईंनी हसून मान डोलावली, आणि तो दाराबाहेर पडायच्या आत त्यांनी फोन उचललाही होता.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात किम आजी, योंग आणि झोप अर्धी टाकून आलेली त्याची बायको, असे तिघं उभे होते. योंगच्या हातात त्यांच्या घरचा व्हीसीआर होता.

"काल दुकानातून फोन आला," योंग म्हणाला. "एक इंडियन गृहस्थ सलवार काढून दाखवत ही कॅसेट मागत होते म्हणे. आई म्हणाली, हे आपल्या शेजारचेच असणार, त्यांना फारच आवड लागलेली दिसते. आज परत द्यायची आहे, तेव्हा द्यायच्या आधी सगळे मिळून बघू."

नरेंद्र गॅरेजमध्ये गेला. फावड्यामागून कॅसेट घेऊन परत आला तेव्हा त्याला आपण नाटकातल्यापेक्षाही वाईट उभे आहोत असं वाटलं. त्याने सगळं सांगून टाकलं. कॉप्या, सेलोटेप, रबरी पट्टा, सगळं. योंग कोरियनमध्ये आजींना सांगत होता आणि आजींचा चेहरा हळूहळू गंभीर होत होता. कांचन आईला मराठीत सांगत होती. आईचा चेहरा गंभीर वगैरे काही होत नव्हता.

"तू कुठे पुसलीस?" आई म्हणाली. "ती मी भरली."

"काय?"

"सोमवारी, तुम्ही कामावर गेल्यावर. गिरीशचं मशीन तेव्हा जोडलेलंच होतं. तू रविवारभर काय करत होतास ते मी बघत होते की. सेलोटेप लावायचा आणि लाल बटण दाबायचं."

"पण आई, त्यांची मालिका गेली ना."

"जाते कशाला? त्यांचा भाग कॅसेटच्या अर्ध्यावरच संपतो. पुढे नुसती खरखर. एवढी जागा मोकळी. शेजारणीचं भांडं कधी कुणी रिकामं परत करतं का?"

कांचनने नवऱ्याकडे बघितलं. "तू कॅसेट पहिल्यापासून बघितलीस का?"

नरेंद्र कंपनीत यंत्रं तपासायच्या खात्याचा प्रमुख होता. खालच्या माणसाने शेवटपर्यंत तपासणी केली नाही, तर तो त्याची हजेरी घ्यायचा. त्यामुळे तो योंगला वायर काढून द्यायला टीव्हीमागे वाकला.

योंगने व्हीसीआर जोडला आणि कॅसेट अगदी मागे फिरवली. राजकन्या जागच्या जागी होती. लाल शीड आलं, राजा स्वतः किनाऱ्यावर आला, सलवार डोंगरदेवाला गेली. भाग संपला, क्षणभर खरखर झाली, आणि चंदेरी मुकुट घालून नरेंद्र अवतरला. नाटकातला राजा आपल्या मुलीला सासरी पाठवत होता. मंडळातल्या दीपाने राजकन्येचं काम केलं होतं. तिची आई झालेल्या रुपालीने तिच्या ओटीत नारळ घातला, तिचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि ती खरोखरच रडली, कारण तिला तिची स्वतःची पाठवणी आठवली होती. किम आजींनी आईचा हात धरला. नंतर त्या योंगशी बराच वेळ बोलत राहिल्या.

"आई म्हणते," योंग म्हणाला, "आमच्या सगळ्या गोष्टींत राणी बोटीतून उतरते तिथून सुरुवात होते. बोटीत बसताना घरी काय झालं, तिची आई कशी वागली, हे आम्हाला कुणी कधी दाखवलंच नाही."

कांचनने ते आईला सांगितलं. "तेच ना," आई म्हणाली. "एवढ्या लांब मुलगी दिली आणि माहेरचं एक माणूस दाखवायला नको? मला पहिल्या दिवसापासून तेच खुपत होतं. म्हणून तर भरलं."

दोघी म्हाताऱ्या मग हातवाऱ्यांनी काहीतरी ठरवू लागल्या. मधूनच योंगला आणि कांचनला मदतीला घेत होत्या. नरेंद्र हलका होऊन सगळ्यांसाठी चहा करायला उठला. तेवढ्यात त्याला तिकिटाची आठवण झाली. आता विचारूनच टाकावं, म्हणून तो आईजवळ जाऊन बसला.

"आई, मी सोमवारी एजंटला फोन करू का? मला विचारशील तर तू जाऊ नयेस असं वाटतं. तू आहेस म्हणून घर आहे."

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. "हे एवढं बोलायला सहा महिने लागले होय रे? कसला फोन नि कसलं काय. किमबाई म्हणतात, ती पोर लग्नानंतर माहेरी कधी गेलीच नाही. बखरीत नसेल, पण आपल्याला कोण अडवतंय? दिवाळीला ती माहेरपणाला येते, असं नाटक बसवायचं. योंगची बायको रेकॉर्ड करणार आहे. दुकानातल्या बाई ती कॅसेट ठेवून घेतील, असं किमबाईंचं म्हणणं आहे."

"छान," नरेंद्र म्हणाला. "माझा मुकुट जपून ठेवलाय मी."

आई जरा घुटमळली. तिने किम आजींकडे बघितलं, आजींनी खाली बघितलं.

"राजाचं काम योंग करतोय," आई म्हणाली. "तू बोटीत बस, वल्ही मारायला."