मामाची शिफारस

"अनुभव किती?" पडद्यांच्या दुकानाच्या मालकाने विचारलं. बारावी झाल्यापासून हाच प्रश्न चिमणीला दारोदार भेटत होता. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. आईने तर कालच बजावलं होतं, "हे शेवटचं. नाही जमलं तर मुकाट्याने स्थळं बघायची." आणि लग्नाचं नाव काढलं की चिमणीला रडूच फुटायचं.

तोडगा मामाने काढला होता. तो अशाच एका दुकानात कामाला होता. ते बंद पडल्यापासून घरी बसून छत न्याहाळत होता. "ठोकून दे, दोन वर्षं काम केलंय म्हणून. खात्री करायला फोन आला तर मालक होऊन मीच बोलतो. त्यात काय एवढं!"

"दोन वर्षं. ते दुकान आता बंद पडलंय," चिमणी चाचरत म्हणाली. मालकाने नंबर मागितला आणि फोन स्पीकरवर लावला.

"मुलगी कशी आहे हो?"

"सोनं आहे, सोनं!" मामा गरजला. इथेच थांबला असता तर! पण इतक्या वर्षांनी त्या बिचाऱ्याला कुणीतरी कामाचं विचारत होतं. "तुमच्याकडे जाड कापड पडून राहतं ना? राहणारच! उजेडात टांगून दाखवा. आणि गिऱ्हाइकाने आणलेलं खिडकीचं माप कधी खरं धरू नका. आपला माणूस पाठवा."

चिमणी हात जोडत होती, पण फोनला ते कुठून दिसणार? मालक स्टूल ओढून बसला, मान डोलवायला लागला.

"एवढं कळतं, मग दुकान बंद का केलंत?"

"मी कुठे केलं? मालकाने केलं!"

चिमणी पांढरीफटक पडली.

"मी तिचा मामा हो," शेवटी मामाचा पडेल आवाज आला. "खोटं मी शिकवलं. पोरीला तेवढं पदरात घ्या."

मालक बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मामा, उद्यापासून तुम्हीच या. मला अनुभवीच माणूस हवाय."

घरी मामा लहान मुलासारखा रडत होता. "मी नाही जायचा! चिमणे, तू नको म्हण, मी नाही जात."

"जा मामा," चिमणी कशीबशी म्हणाली.

आईने डोळे पुसले. "जा बाबा. निदान स्थळाकडच्यांना सांगता तरी येईल, मुलीचा मामा नोकरीला आहे म्हणून."