चढावरची टकटक

नंदिनीताई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या आणि अबोलीला जुळी झाल्यामुळे त्यांचा मुक्कामही दुप्पट झाला. नेरुळच्या नव्याकोऱ्या सोसायटीत कमळाकरराव एकटे उरले. निम्म्या फ्लॅटना अजून कुलपं होती आणि उरलेल्यांतली माणसं दारं लावून बसत. मुदतीआधी निवृत्ती घेतलेल्या कमळाकररावांशी दिवसभरात बोलणारा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही "उद्या किती?" एवढंच विचारी.

दसऱ्याला नंदिनीताईंनी घरच्या जुन्या गाडीची पूजा फोनवरून करवून घेतली. हार झाला, हळदकुंकू झालं.

"नारळ फोडू का?" कमळाकररावांनी विचारलं.

"एवढं खोबरं एकटे खाणार का तुम्ही? असू दे गाडीतच. मी आले की बघू."

कमळाकररावांनी नारळ डिकीत टाकला आणि विसरून गेले.

पुढच्या रविवारी करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून ते बेलापूरच्या टेकडीवर चक्कर मारायला निघाले. चढ लागला तशी गाडीतून टकटक ऐकू येऊ लागली. घाबरून ते परत आले आणि पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभे राहिले. उघडं बॉनेट पाहून सरळ निघून जाणारा पुरुष अजून जन्माला यायचाय. दुसऱ्या मजल्यावरचे उदयसिंह बनियनवरच खाली आले. ते मूळचे कोरेगावचे. वाशीच्या मार्केटात कांद्याचे ट्रक उतरवून घेण्याचं काम बघत. बायकामुलं गावीच होती. सोसायटीत येऊन वर्ष झालं तरी दोघांत "बरंय ना?" पलीकडे शब्द झाला नव्हता.

"चढावर वाजतंय न्हवं?" उदयसिंह म्हणाले. "मंग नॉकिंगच. टायमिंग पुढं सरकलंय. ठिणगी वेळेआधी पडती, म्हणून इंजिन ठोकतंय. केसभर मागं घिऊ, गप हुतंय."

त्यांनी ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला, तो केसभर फिरवला, बोल्ट आवळला. दोघं टेकडीवर गेले. टकटक होतीच. वर पोचल्यावर त्यांनी चहा घेतला, कणसं खाल्ली आणि पुढच्या रविवारी आणखी केसभर फिरवायचं ठरवलं.

मग तसं दर रविवारी होऊ लागलं. प्लग घासले, पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं, टायमिंग मागे मागे गेलं. टकटक काही हटेना, पण गाडीतला जीव मात्र गेला. आधी जो चढ ती हसतखेळत चढे, तिथे आता सायकलवाले मागे वळून बघत पुढे जात. गाडी जितकी हळू, तितका चढ लांब, आणि चढ लांब तितक्या गप्पा लांब. उदयसिंहांच्या म्हशीचं नाव, थोरल्याचं गणित, धाकटीचे दात, सगळं कमळाकररावांना पाठ झालं.

एकदा त्यांना शंका आली. "उदयसिंहराव, आवाज मागून येतोय असं वाटतं."

"मागनंच येणार की, साहेब. गाडी पुढं पळती, आवाज मागं ऱ्हातो."

हे कमळाकररावांना पटलं. न पटून चालणारही नव्हतं.

एका बुधवारी भाजी आणायला निघताना चाक पंक्चर निघालं. स्टेपनी काढायला त्यांनी डिकी उघडली, तर नारळ घरंगळत आला आणि पत्र्यावर टक्क करून आपटला. कमळाकररावांनी तो पुन्हा लोटून पाहिला. टक्क.

खरं तर त्यांनी हसायला हवं होतं. पण त्यांना फार वाईट वाटलं. आता रविवारी उदयसिंह कशाला खाली येतील? टायमिंग जागेवर आणायला पाच मिनिटं, मग पुन्हा "बरंय ना?" नारळ गुपचूप परत ठेवावा असंही मनात आलं, पण पूजेच्या नारळाकडून खोटं वदवून घ्यायला धीर होईना. त्यांनी तो वर नेऊन देवापुढे ठेवला. रविवारी खरं काय ते सांगायचं असं ठरलं.

रविवारी उदयसिंह पाना घेऊन हजर होते. "चला साहेब, आधी चढावर ऐकू," म्हणून ते बसलेसुद्धा. वर पोचल्यावर सांगू, असं ठरवून कमळाकररावांनी गाडी सुरू केली.

टेकडी लागली. गाडी कण्हत चढू लागली, पण टकटक नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. उदयसिंहांनी काच खाली केली, कान बाहेर काढला, काच वर केली. हातातला पाना त्यांनी मांडीवरून पायाशी ठेवला. त्यांचा चेहरा असा उतरला की कमळाकररावांना त्यांच्याकडे बघवेना.

माथा दिसू लागला तेव्हा उदयसिंह हळूच म्हणाले, "साहेब, येतोय का हो?"

कमळाकररावांनी श्वास रोखून ऐकलं. बाहेर वारा होता. बाकी काही नव्हतं.

"येतोय," ते म्हणाले. "बारीक आहे, पण आहे."

"मला बी तसंच वाटलं," उदयसिंह म्हणाले आणि सीटवर सैल टेकून बसले. "अवघड दुखणं हाय, साहेब. असं चार-दोन रविवारात जायचं न्हाई."