जुन्या गाडीतला कॅमेरा

आमच्या कासारवाडीच्या सोसायटीत सोनवणेकाकांपुढे नव्या गाडीचं कौतुक करायची सोय नाही. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं. "त्यात काय नवं? आमच्या जुनीत होतं की ओ हे!"

काका मूळचे लातूरकडचे. सगळी नोकरी भोसरीत टूलरूममध्ये झाली. आता निवृत्त, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच. शौक एकच, जपानी सेडान, तीही पळणारी. मी इथे राहायला आलो तेव्हा खाली दोन उभ्या होत्या. एक जुनी, रंग उडालेली लाल. दुसरी त्याच गाडीचं नवंकोरं मॉडेल, लेकीने हट्टाने घेऊन दिलेलं.

"काका, नवीला मागे कॅमेरा आहे."

"जुनीला होता. आवाजासकट."

"ऐंशीच्या वर गेलं की नवी टूं टूं करते."

"ही नुसती टूं टूं करते. जुनी माझा बाप काढायची."

नवीला हाताने टाकायचे गिअर नाहीत याचा तर त्यांना भयंकर राग. "डाव्या हाताला कामच नाही. कीर्तनाला बसल्यागत बसायचं का?" इंजिन मात्र नवीचं सरस, हे कबूल करत. तेही हळू आवाजात, जुनीला ऐकू जाईल म्हणून.

एकदा न राहवून मी जुनीत डोकावलो. डॅशबोर्डवर एक घड्याळ, तेही बंद. कॅमेरा कसला नि काय कसलं! म्हातारा थापा मारण्यात पटाईत आहे, म्हटलं.

मग सोसायटीने ठरवलं, एका फ्लॅटला एकच पार्किंग. जुनी विकणं भाग होतं. गिऱ्हाइकं येत, काका परत पाठवत. एकाचे बूट आवडले नाहीत. दुसरा फोनवर फार बोलतो. चाकणच्या कंपनीतला एक पोरगा तर पसंत पडला होता. पण "एकटाच आलायस?" विचारलं, तो हो म्हणाला, आणि काकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"अहो काका, तुम्हाला गाडी विकायची आहे का जावई शोधायचाय?" मी म्हटलं. गाडी जाणार या विचाराने जेवणसुद्धा तुटलं होतं त्यांचं.

रविवारी भोसरीहून एक जोडपं आलं. नवऱ्याने जुनी मागे घ्यायला सुरुवात केली, तशी बायको टुणकन उतरली. गाडीवर थापा मारत ओरडायला लागली, "येऊ दे... येऊ दे... अरे बास! खांब दिसत नाही का? आणि बेल्ट कुणी लावायचा, तुझ्या आज्जीनं?"

काकांनी माझा दंड घट्ट धरला.

"बघा. सांगत होतो ना? होतं सगळं."

त्यांचे डोळे भरून आले होते. "आमची ही अश्शीच उतरायची. पावसात, उन्हात. मी म्हणायचो, बस की गप. आता नवी एवढं टूं टूं करते, पण घरी आल्यावर बोलत नाही ओ."

गाडी जागेवर लागली, चावी काकांच्या हातात परत आली.

सौदा ठरला, तसा नवऱ्याने चावीसाठी हात पुढे केला. काकांनी ती त्याच्या बायकोच्या हातात दिली.

"ओरडत जा बाई," म्हणाले, "त्याचं ऐकू नको."