शेवटच्या कीफ्रेमवरचे साहेब

सकाळपासून ॲनिमेटरच्या पोटात आनंद मावत नव्हता. संध्याकाळी स्टुडिओतले मोठे साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांची खिडकीजवळची ऐसपैस खुर्ची त्याला मिळणार होती. बायकोने तर त्या खुर्चीसाठी निळी उशीही शिवून दिली होती. ती उशी सध्या त्याच्या टेबलाखाली दडून बसली होती.

निरोपासाठी त्याने ॲनिमेशन केलं होतं. बटण दाबलं की चित्रातले साहेब खुर्चीतून उठायचे, बॅग उचलायचे आणि दार उघडून निघून जायचे. हालचाल जिथे बदलते त्या कीफ्रेमवर पुढचा हुकूम लिहून ठेवायचा, एवढंच काम. शेवटच्या कीफ्रेमवर त्याने 'पुन्हा पहिल्यापासून' असा हुकूम लिहिला होता, कारण साहेब जाताना बघायला त्याला इतकं गोड वाटायचं की आठवडाभर तो त्यांना सारखा घालवत होता. तो हुकूम काढायचा मात्र राहून गेला.

समारंभात साहेबांनी स्वतः बटण दाबलं. चित्रातले साहेब उठले, दाराबाहेर गेले आणि टुणकन खुर्चीत येऊन बसले. पुन्हा गेले. पुन्हा आले. टाळ्या वाजवून लोकांचे हात दुखायला लागले.

"हे जातायत की येतायत?" हिशेबनीस बाईंनी विचारलं.

"एक मिनिट सर, आत्ता पाठवतो तुम्हाला," म्हणत ॲनिमेटरने घाईघाईने हुकूम बदलला. 'थांब' लिहिलं खरं, पण ते एक कीफ्रेम आधीच पडलं. आता चित्रातले साहेब कडीला हात लावून, मागे वळून बघत उभे राहिले. हलेचनात.

स्टुडिओच्या मालकीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "पाय निघत नाहीये हो यांचा."

"नाहीच निघत," खरे साहेब म्हणाले. "मी कुणाला बोललो नव्हतो. या पोराने बरोबर ओळखलं."

"मग जाताय कशाला? राहा की अजून दोन वर्षं," मालकीणबाई म्हणाल्या.

"मॅडम, ते चित्र नुसतं अडकलंय..." ॲनिमेटर कळवळून म्हणाला.

"लाजतोस काय?" म्हणत साहेब त्याला मिठी मारायला आले आणि त्यांचा पाय टेबलाखालच्या उशीला लागला. "हे काय?"

"ती... खुर्चीसाठी आणलीय सर."

साहेबांनी ती उचलून छातीशी धरली. त्यांनी उशी खुर्चीत ठेवली, तिच्यावर ऐटीत बसून पाहिलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"आता ते मघाचं लाव रे. मी परत येतो ते."