आईचा भगवा पंजाबी ड्रेस

प्रसादाचा पेढा खाऊन मुकाट्यानं तोंड पुसायचं सोडून मी खोक्याचं झाकण वाचलं. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्याचं असं आहे, की आमची आई, म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या वत्सलाबाई, महिन्यातल्या एका मंगळवारी भजनी मंडळाबरोबर देवदर्शनाला जायची. पहाटे दाराशी जीप यायची, टाळ आत चढायचे, बायका चढायच्या, आणि दिवेलागणीला मंडळी परत. दर्शन करून आलेल्या माणसाच्या पाया पडायचं आणि प्रसाद घ्यायचा ही आमच्याकडची रीत. त्यामुळे त्या संध्याकाळी अर्धी गल्ली आमच्या घरी येऊन वाकून जायची. मीही वाकायचो. पण मी पडलो अंबडच्या एका नटबोल्ट कारखान्यातला स्टोअर्स क्लार्क. आलेला माल कुठून आला ते बघितल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हा माझा धर्म. (मोहिनी, म्हणजे आमची बायको, म्हणते हा धर्म नाही, आजार आहे.) तर त्या दिवशी सवयीनं झाकण वाचलं. दुकानाचा पत्ता होता रविवार कारंजा, नाशिक.

आता तुम्हीच सांगा. पहाटे नाशिकहून निघून जो माणूस परगावचा देव करून येतो, तो प्रसाद नाशिकचा कसा आणेल?

"आई, आज कुठल्या देवाला गेली होतीस?"

"घाटाखालच्या."

"घाटाखालचा कुठला?"

"फार जागृत आहे हो," एवढंच म्हणून ती पाय धुवायला गेली. आणि आवाज? पार बसलेला. केस विस्कटलेले. चेहरा मात्र असा उजळलेला, की तसा मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"दर्शन कसं झालं?" मी मोरीच्या दाराशी उभं राहून विचारलं.

"काय सांगू जयराम! आधी पोटात गोळा आला. मग डोळ्यांपुढे अंधार. आणि मग एकदम हलकं हलकं वाटलं, या देहाचं ओझंच नाही असं."

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. आमच्या गावात देवांची कमतरता नाही आणि महाराजांची तर नाहीच नाही. हे कुठल्यातरी बुवाचं काम होतं. बायकांना समोर बसवायचं, डोळ्यांत बघायचं, की गेलंच देहाचं ओझं. मग हळूच आश्रमात राहायला बोलवायचं. आमच्या स्टोअर्समधल्या एकाची मावशी अशीच दर्शनाला म्हणून गेली, ती आजतागायत तिकडे बुवाच्या गाई सांभाळते.

त्या दिवसापासून मी आईवर पाळत ठेवली. २००३ साल असेल. मोबाइल तेव्हा आमच्यात फक्त साहेबांकडे होता, त्यामुळे पाळत ठेवणं सोपं होतं. घरातला एकमेव फोन हॉलमध्ये, आणि मी हॉलमधल्या पेपरामागे. पुढची वारी जवळ आली तशी आई मंडळातल्या सुलाबाईंशी फोनवर दबक्या आवाजात बोलायला लागली.

"नवीन बाईला मधे बसवा. पहिल्याच वेळी मागे नको, घाबरून जाईल. हो. आणि डोळे मिटू नको म्हणावं, मिटले की जास्त भीती वाटते. पोटभर खाऊन नको. आणि सुलाताई, तुमची कवळी आधीच काढून रुमालात बांधा. मागच्या वेळी थोडक्यात वाचली."

नारळ लागणारे देव मला माहीत आहेत, ओटी लागणारे माहीत आहेत. पण भक्ताची कवळी काढायला लावणारा देव कुठला?

दुसऱ्या दिवशी आई भाजीला गेल्यावर मी तिची ट्रंक उघडली. नऊवारीखाली, पाचवारीखाली, शालीच्याही खाली, घडी घालून ठेवलेला एक पंजाबी ड्रेस होता. जन्मात साडीखेरीज काही न नेसलेल्या माझ्या आईच्या मापाचा. आणि रंग भगवा.

मी ट्रंकेवरच बसलो. आता शंकेला जागाच नव्हती. आई दीक्षा घेणार होती. घर सोडून जाणार होती. सकाळचा चहा ती करते, रात्री मी जेवलो की नाही हे ती बघते, आणि कारखान्यात कुणी मला बोललं तर त्याला घरबसल्या शिव्या तीच घालते. ती गेली तर माझ्या बाजूनं बोलणारं या घरात कुणी उरणार नव्हतं. मला खरंच रडू आलं.

मी मोहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "आई संन्यास घेतेय."

मोहिनी कणीक मळत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग परातीत खाली बघितलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, तिलाही रडू आलं. सुनेचं सासूवर एवढं प्रेम बघून मला भरून आलं.

"मी या मंगळवारी त्यांच्याबरोबर जाणार," मी म्हणालो.

मोहिनीचे खांदे एकदम थांबले. "अहो, तुम्ही? नका हो जाऊ. तुम्हाला झेपायचं नाही."

"बुवा कितीही मोठा असू दे, मी त्याच्या डोळ्यांत बघणारच नाही!"

आईला सांगितलं तेव्हा तिच्या हातातली वातच खाली पडली. "तू कशाला? तुझा कारखाना?"

"रजा टाकलीय. देव काय फक्त बायकांचा असतो?"

मंगळवारी पहाटे मी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हार आणि नारळाची पिशवी घेऊन जीपमध्ये चढलो. (बुवा खरा निघाला तर पंचाईत नको, म्हणून हार. खोटा निघाला तर नारळ उपयोगी पडला असता.) मला बघून बायका गप्प झाल्या. मंडळाच्या पुढारी चतुराबाई, मूळच्या सिन्नरच्या, एरवी त्यांचा आवाज चार घरं पलीकडे ऐकू येतो, त्याही खिडकीबाहेर बघत बसल्या. ड्रायव्हर पुंजा आरशातून माझ्याकडे बघून उगीचच हसत होता. हा बुवाचा माणूस, हे मी तेव्हाच ओळखलं.

घोटी गेलं. इगतपुरी गेलं. देवळं मागे पडत होती आणि जीप कुठंच थांबत नव्हती. कसारा घाट उतरल्यावर पुंजानं एका चहाच्या हॉटेलाशी गाडी लावली. बायकांनी आपापल्या पिशव्या घेतल्या आणि हॉटेलाच्या मागच्या खोलीत गेल्या. मी चहा मागवला. चहा आला, आणि खोलीचं दार उघडलं.

साडीत गेलेल्या सगळ्या बायका भगव्यात बाहेर आल्या. ओढण्या कमरेला बांधलेल्या, केस पिनांनी चापून बसवलेले. सगळ्यांत पुढे माझी आई.

माझ्या हातून कप सुटला. मी पळत जाऊन तिच्यासमोर हात पसरून उभा राहिलो. "आई! मी तुला जाऊ देणार नाही!"

"अरे, कुठं?"

"आश्रमात! मला सगळं कळलंय. ट्रंक बघितलीय मी. माझं काही चुकलं असेल तर माफ कर, पण घर सोडू नकोस!"

हॉटेलातली भजी तळायची थांबली. ट्रकवाले चहा हातात धरून बघत राहिले. मग चतुराबाईंच्या तोंडून आधी एक फुसकन आवाज आला आणि त्या बाकड्यावरच बसल्या.

"आश्रम? ओ भाऊ, कसला आश्रम! आम्ही रोलरला चाललोय!"

"कुठल्या रोलरला?"

"रोलर कोस्टर वो! म्होरं ती नवीन स्वप्ननगरी झाली नाय का, तिथला! लय भारी हाय. साडी नेसून बसू देत नाय, पदर आडकतो म्हणून ह्यो डिरेस. आन समद्यांचा रंग एक, म्हंजी गर्दीत कोन हरवायला नको."

मी आईकडे बघितलं. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती.

"मग भजन?"

"जाता-येता गाडीत म्हणतो की. आणि पेढे आदल्या दिवशी आणून आपल्या देवापुढे ठेवते. प्रसाद खोटा नाही हो बाबा."

"पण मला सांगितलं का नाहीस?"

"कालिकेच्या जत्रेत आठवतंय? पाळणा वर गेल्याबरोबर तू किंचाळून थांबवायला लावलास, आणि खाली उतरून मलाच म्हणालास, या वयात हे शोभतं का. मी तर मस्त बसले होते." तिनं कमरेची ओढणी घट्ट केली. "तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. तू नको म्हटल्यावर मी गेले नसते. आणि मला तर जायचं होतं, जयराम. म्हणून विचारलंच नाही."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. आई घर सोडून जाणार नाही हे कळल्यावर खरं तर मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण स्टोअर्सचा माणूस! माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही.

स्वप्ननगरीच्या दाराशी माझी पिशवी तपासली. "बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही," म्हणून वॉचमननं नारळ बाजूला काढला. मी म्हटलं, हे खाणं नाही, देवाचं आहे. तो म्हणाला, मग देवळात न्या. शेवटी चतुराबाईंनी नारळ दाराबाहेरच्या दगडावर फोडला, अर्धी वाटी वॉचमनच्या हातात ठेवली आणि हार त्याच्या टेबलाला घातला. नंतर त्यानं आमच्या बाकीच्या पिशव्या उघडल्यासुद्धा नाहीत.

आत शिरल्यावर मंडळाचं खरं ज्ञान बाहेर पडलं. "दारातल्या पाळण्यांपाशी थांबायचं नाही," आई मला समजावत होती. "सगळे तिथंच अडकतात. आपण आधी थेट मोठ्या रोलरला जायचं. आणि रविवारी तर यायचंच नाही." सुलाबाई रुमालात कवळी गुंडाळत बोळक्या तोंडानं सांगत होत्या, की पुढच्या डब्यात बसलं की रूळच संपल्यासारखे वाटतात, ती मजा वेगळी. चतुराबाईंना ते बिलकूल मान्य नव्हतं. "मजा मागल्या डब्यात. उतार लागला का मानूस सीटवर ऱ्हातच नाय!" दोघींचं चांगलंच जुंपलं. आमच्या गल्लीत गाथेतल्या अभंगांवरूनही एवढा वाद कधी झालेला नव्हता.

"तू मधे बस," आई मला म्हणाली.

मधे? का बरं मधे? मागे असं काय होतं, जे मला दिसू द्यायचं नव्हतं? माझी शंका पुन्हा जागी झाली. "मी मागेच बसणार," मी म्हणालो, आणि शेवटच्या डब्यात जाऊन बसलो. आई बिचारी माझ्या शेजारी येऊन बसली.

गाडी टक टक करत वर चढली. शहापूरकडचे डोंगर दिसले. छान वाटलं. मी आईला म्हणालोसुद्धा, "एवढं काही नाही गं हे." ती म्हणाली, "डोळे मिटू नकोस."

मग पुढचे डबे उतारावरून दिसेनासे झाले, आणि पाठोपाठ माझं पोट. शरीराचा बाकीचा भाग मागाहून आला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. आईनं नंतर सांगितलं, की मी आधी सप्तशृंगीला साद घातली, मग साहेबांना रजा परत घ्या म्हणालो, आणि शेवटी मोठ्यानं म्हणालो, "आई, तू खुशाल आश्रमात जा, पण मला खाली उतरव!" ती मात्र दोन्ही हात वर करून हसत होती. एकदा तिनं एक हात खाली घेतला, तो माझा हात धरायला. तेवढं मात्र मला स्पष्ट आठवतं.

खाली उतरल्यावर पुंजानं मला काखेत धरून बाकावर बसवलं. शेजारीच फोटोचं काउंटर होतं. गाडी पहिल्या उताराला लागली की आपोआप फोटो निघतो, तो तिथं मिळतो. नमुन्यादाखल जुने फोटो वर टांगलेले होते. त्यातल्या एकात मला आमचं मंडळ दिसलं, सगळ्यांचे हात वर, सगळ्या भगव्यात. मी कौतुकानं निरखून बघायला लागलो. शेवटच्या डब्यात, आईच्या शेजारी, आनंदानं किंचाळणारी जी तरुण बाई होती, ती मोहिनी होती.

मागे एका मंगळवारी ती माहेरी सिन्नरला म्हणून गेली होती, तोच तो मंगळवार असावा. मी आईवर पाळत ठेवत पेपरामागे बसलो, त्याच्या आधीच बायको भगवा ड्रेस घालून घाट उतरून आलीसुद्धा होती!

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा माझा आवाज पार गेला होता आणि डोळे सुजले होते. रीतीप्रमाणे गल्ली दर्शनाला आली. "जयरामभाऊंना देवापुढे केवढं भरून आलं बघा," म्हणत लोक आईच्याही आधी माझ्या पाया पडले. सगळे गेल्यावर मी घोगऱ्या आवाजात मोहिनीला जाब विचारला. "फोटो बघितला मी तुझा!"

"म्हटलं नव्हतं, तुम्हाला झेपायचं नाही?" ती म्हणाली, आणि पेढ्याचा खोका माझ्यापुढे सरकवला.

आता मी मंडळाबरोबर दर वेळी जातो. रोलरमध्ये मात्र बसत नाही. खाली बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि रुमालात बांधलेल्या कवळ्या सांभाळतो. हे काम माझ्याइतकं चोख कुणी करत नाही, असं चतुराबाई स्वतः म्हणतात. स्वप्ननगरीवाल्यांनी माझा त्या दिवसाचा फोटोही मोठा करून लावलाय. काउंटरवर नाही, रांगेच्या तोंडाशी, 'हृदयविकार व अशक्तपणा असणाऱ्यांनी बसू नये' या पाटीच्या बरोबर शेजारी. माझं बाक त्याच्याच खाली आहे. रांगेतले लोक आधी फोटो बघतात, मग मला बघतात, आणि दर वेळी दोन-चार जण तरी मुकाट्यानं परत फिरतात.