चौकीच्या जिन्याची हकीकत

श्री टेबलदेवता प्रसन्न, खुर्ची साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, एका नगरीत वर्तले ते येणेप्रमाणे. नगरसेविका इंदुमतीबाई वाघचौरे आरोग्य समितीवर बसत आणि पोलीस देखरेख समितीवरही बसत, आणि दोन्हीकडे बसणारे माणूस त्या एकट्याच, म्हणोन लोकांस भरवसा फार. तो तुळसा कासारीण दारी आली. तिचा लेक हणमंता चौकीत नेला होता, तो तेथून इस्पितळात आला तो पाठ काळीनिळी, लघवीत रक्त, आणि डॉक्टरांनी कारण लिहिले की चौकीच्या जिन्यावरून पडला. तुळसा बोलली, "इंदूताई, चौकी बैठी. वर पत्रा. जिना कुठंय? एवढंच विचारा त्यास्नी." बाई बोलिल्या, "विचारते गं. माझ्यावर सोड." मग बाईंनी आरोग्य समितीत विषय काढिला आणि डॉक्टर नम्रपणे बोलिले, "मॅडम, काय मोडलं ते आम्ही बघतो. कुठून पडला ते पोलिसांकडं." मग बाई देखरेख समितीत गेल्या आणि इन्स्पेक्टरसाहेब चहा ढवळीत बोलिले, "ताई, जिना आम्ही कुठं म्हटला? डॉक्टरांनी म्हटला. शिकलेला माणूस!" तो सभासद हसले आणि बिस्किटे फिरली आणि

(येथे काही ओळी उंदरांनी खाल्ल्या. उंदीर दफ्तरातले, पगारी नव्हेत.)

आणि बाई संतापल्या. मग समितीचे सचिव कानाशी लागले आणि दरबारी रीत सांगितली की, अंमलदारावर बोट ठेवणारा प्रश्न पटलावर येत नाही, मागणी मात्र येते. "मागणी म्हणून घाला मॅडम. चौकीस जिना नाही, दखल घ्यावी. एकदा नोंद झाली की सुटतील कुठं?" बाईंस मसलत नामी वाटली आणि त्यांनी सही केली. मग दोन्ही समित्यांची संयुक्त बैठक भरली आणि बाईंस अध्यक्षपद दिधले आणि शाल घातली आणि मागणी वाचली. इन्स्पेक्टरसाहेब उठोन बोलिले, "ताईंचं खरं आहे. चौकीस जिना नाही." बाईंचे काळीज उसळले. आता धरिला! तो साहेब पुढे बोलिले, "ही उणीव तातडीनं भरून काढावी." डॉक्टर बोलिले, "अनुमोदन." जिना बांधावा, ऐसा ठराव एकमते मंजूर जाहला आणि टाळ्या पडल्या. बाई नाही म्हणावयास उठल्या, परंतु मागणी त्यांची, सही त्यांची, आणि शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी आधी सावरिली.

मग जिना जाहला. सिमेंटचा, खोलीतून निघोन पत्र्याला टेकून थांबणारा. तोवर हणमंता इस्पितळात वारला. कारण तेच राहिले. उद्घाटनास बाई गेल्या आणि फीत कापली, आणि गर्दीतून तुळसा निघाली, ती पायऱ्या चढोन पत्र्याखाली वाकून उभी राहिली आणि तिने खाली पाहून विचारिले,

"इंदूताई, इथून का?"

बाईंची मान खाली गेली. फोटोवाला बोलिला, "मॅडम, जरा वर बघा."

तात्पर्य, नगरीत आरोग्य उत्तम, देखरेख उत्तम, जिना भक्कम. पुढे आणखी दोघे त्यावरून पडले, आणि लिहिल्या कारणात खोट काढावयास जागा उरली नाही. हकीकत पुरी जाहली.